पंधरा लिटर की पंचवीस

ज्या हिवाळ्यात आमच्या बाथरूममधला गिझर गळायला लागला, त्याच हिवाळ्यात माझे वडील आमच्याकडे राहायला आले होते. आधी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पुढे तो लागत गेला, म्हणून दोन्ही एकत्रच सांगते.

मी परभणीत एका दवाखान्यात नर्स आहे. नवरा एका कॉलेजच्या ऑफिसात काम करतो. मुलगी अकरावीला. वडिलांना मी आबा म्हणते, आणि माझं ऐकून माझी मुलगीही त्यांना आबाच म्हणते. ते रेल्वेत होते, रुळांच्या देखभालीवर. खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेने चालत राहायचं, सैल झालेलं काही दिसलं की ठोकून घट्ट करायचं, यातच त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी चुडाव्याला, स्टेशनच्या आवाजाच्या टप्प्यात, पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या. पुढे अंगण, कडेला न्हाणी. आई गेल्यापासून ते तिथे एकटेच राहतात. मी एकुलती एक.

अंघोळीचं पाणी ते अंगणातल्या चुलीवर तापवायचे. जळण म्हणून पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात ती वाळलेली झाडं. चुलीवर मोठं भगुलं चढवायचं, उकळी फुटायच्या आत उतरवायचं आणि दोन्ही हातांत फडकी धरून न्हाणीपर्यंत न्यायचं. आई होती तेव्हा तीही असंच करायची. त्या हिवाळ्यात एका सकाळी आबांच्या हातातलं फडकं ओलं होतं. चटका बसला, भगुलं कललं आणि पाणी डाव्या पायावर आलं.

हे त्यांनी मला सांगितलंच नाही. रविवारी मी नेहमीसारखी गेले तर ते चपलेचा पट्टा सोडून, पाय फरफटत चालत होते. विचारलं तर म्हणाले, घोटा मुरगळलाय. मी पायावरचं फडकं सोडलं. पावलावरची कातडी निघाली होती आणि वर कुणीतरी सांगितलेलं काहीतरी हिरवं चोपडलेलं होतं. त्याच दुपारी मी त्यांना रिक्षात घालून स्टेशनवर आणलं आणि पुढच्या गाडीने परभणीला घेऊन आले. ते वाटेत एकदाच बोलले. म्हणाले, पाय बरा होईपर्यंत.

आमच्याकडे त्यांना बाहेरची खोली दिली. रोज दवाखान्यातून आल्यावर मी पायाची पट्टी बदलायची. परक्या माणसांच्या जखमा मी दिवसभर बघते, पण आबांचा पाय मांडीवर घेतला की त्यांना फार अवघड व्हायचं. ते भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि काहीतरी बोलत राहायचे, गाडीला उशीर झाला असेल, सोयाबीनचा भाव काय, असलं. जखम भरत होती. त्यांच्या वयाला भरायला वेळ लागतो, पण भरत होती.

आणि मला, खरं सांगायचं तर, घाई नव्हती. ते इथे आहेत हे मला बरं वाटत होतं. चुडाव्याला सकाळी फोन लावायचा आणि त्यांनी उचलेपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं, ते थांबलं होतं. संध्याकाळी मुलगी अभ्यास करायची आणि ते तिच्याजवळ नुसते बसून राहायचे. मी मनातल्या मनात त्यांना ठेवूनच घेतलं होतं. नवऱ्यालाही ते मान्य होतं. फक्त आबांना कुणी विचारलं नव्हतं.

अशात गिझर गेला. आधी त्याच्याखालच्या वॉशिंग मशीनच्या झाकणावर थेंब दिसायचे. मी फडक्याने पुसून टाकायची. मग एके दिवशी झाकणावर गंजाचा पिवळट ओघळ दिसला. मेकॅनिक आला, त्याने खालचं कव्हर उघडलं तर आत पांढऱ्या खड्यासारखे क्षारांचे थर साचलेले. आमच्याकडे बोअरचं पाणी, ते नळांच्या तोंडाशीही पांढरं चढतं. आतली टाकीच सडलीय, डाग देऊन उपयोग नाही, दुसरा घ्या, असं सांगून त्याने वायर सोडवून ठेवली आणि तो गेला.

जुना गिझर पंधरा लिटरचा होता. मुलगी बालवाडीत असताना घेतलेला. तेव्हा ती एका तांब्यात अंघोळ करायची. आता तिचे केस कमरेपर्यंत आलेत आणि नुसते केस धुवायलाच तिला एक बादली लागते. जेवताना नवरा म्हणाला, या खेपेला पंचवीसचाच घेऊ, चार माणसं झालोत आपण.

आबा भाकरी कुस्करत होते. ते थांबले. “पंधराच घ्या,” ते म्हणाले. “मी काय हितं कायमचा हाय का?”

मी त्यांच्या ताटात पिठलं वाढलं. त्या वेळी मला वाटलं, लेकीच्या घरी राहायचा संकोच आहे, जाईल हळूहळू. आमच्या भागात अजूनही म्हातारी माणसं लेकीच्या घरी चार दिवसांवर राहिली की कानकोंडी होतात. मी त्यांचं बोलणं तसंच धरलं.

गिझर येईपर्यंत आम्ही गॅसवर पाणी तापवत होतो. आबांना मी भगुल्याला हात लावू देत नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसायचे आणि पाणी कुठवर तापलंय ते आवाजावरून सांगायचे. पाणी मीच नेऊन ओतायची. त्यांचा डावा पाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाटावर ठेवायचा आणि मग दार लोटून घ्यायचं. त्यांची अंघोळ अर्ध्या बादलीत व्हायची. नोकरीत असताना कधी कधी रुळाकाठच्या चौकीवर मुक्काम असायचा, तिथे पाणी गाडीने यायचं, ते सगळ्यांना पुरवावं लागायचं. तेव्हापासूनची सवय.

त्या दिवसांत मला एक गोष्ट दिसली. गॅसवर पाणी तापवताना प्रत्येकाचं पाणी वेगळं मोजावं लागतं. नवऱ्याचं एक भगुलं, मुलीचं एक आणि वर अर्धं, आबांचं अर्धं. मग माझी पाळी यायची तेव्हा डब्याची घाई असायची, गॅसवर भाजी असायची, आणि मी नळाचंच पाणी अंगावर घेऊन निघायची. पहिल्या दिवशी वाटलं, आज झालं असं. नंतर लक्षात आलं की गिझर चांगला चालू होता तेव्हाही हेच होत होतं. पंधरा लिटर कडक पाण्यात विसणाचं गार पाणी घातलं की आमच्या दीड बादल्या होतात. नवरा आणि मुलगी आटोपले की नळाला कोमट पाणी यायचं, आणि पुन्हा तापायला ठेवायला मला वेळ नसायचा. बारा-तेरा हिवाळे मी कोमट पाण्यानेच अंघोळ करत आले होते. त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती. मला ते कधी दिसलंच नव्हतं.

रविवारी आम्ही दुकानात निघालो. आबा म्हणाले, मीही येतो. पायाला नुकतीच मोकळी पट्टी बांधली होती, चप्पल चढत होती. मुलगी क्लासला गेली होती. आम्ही तिघं रिक्षाने स्टेशन रोडवरच्या दुकानात गेलो.

दुकानदार पन्नाशीचा, गळ्यात चष्मा लोंबत असलेला माणूस होता. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, आबांचा पाय बघून त्यांच्यासाठी एक खुर्ची पुढे सरकवली आणि विचारलं, “घरात माणसं किती?”

“चार,” नवरा म्हणाला.

“तीन,” आबा म्हणाले.

दोघं एकदमच बोलले. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. अशा दुकानात रोजच बसणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी ओळखू येत असाव्यात. तो पुढचं विचारत राहिला. शॉवर वापरता की बादली? सगळे एकामागे एक अंघोळ करतात की वेळा वेगळ्या? पाणी बोअरचं की नळाचं? भिंत कशी आहे, कारण भरलेल्या टाकीचं वजन होतं आणि चार इंची भिंतीवर मोठा गिझर लावायला तो तयार नव्हता. नुसती माणसं मोजून सांगता येत नाही, तो म्हणाला. पाच माणसं दिवसभरात सवडीने अंघोळी करत असतील तर पंधरात भागतं, आणि तीन माणसांना सात वाजायच्या आत निघायचं असेल तर भागत नाही. उगाच मोठा घेतला तर न वापरलेलं पाणी रोज तापवत बसायचं.

“तुमच्याकडे सकाळी कसं असतं?” त्याने विचारलं.

मी सांगायला लागले. आधी हे, मग मुलगी. आबांचं सावकाश झालं तरी चालतं. आणि तिथेच मी थांबले. दुकानदार म्हणाला, “आणि तुमी, ताई?”

मी म्हटलं, माझं सगळ्यांत शेवटी. त्याने मान हलवली. नवरा माझ्याकडे बघत होता. नंतर, घरी आल्यावर, त्याने मला विचारलं की इतकी वर्षं तू बोलली का नाहीस.

तोवर आबा उठून दुकानाच्या मागच्या बाजूला गेले होते. तिथे लहान गिझर ओळीने टांगलेले होते. त्यातल्या सगळ्यांत छोट्यावर, डब्याएवढ्या, त्यांनी हात ठेवला होता आणि दुकानातल्या माणसाला विचारत होते की हे खेड्यात चालतं का, आमच्याकडं लाइट कमी-जास्त होते.

मला एकदम कळलं की ते दुकानात कशासाठी आले होते.

मी जवळ गेले आणि म्हटलं, “आबा, हे कुणाला?”

“मला,” ते म्हणाले. “चुडाव्याला.”

मला राग आला. दुकानात बोलायला नको म्हणून मी त्यांना बाहेर घेऊन आले. शेजारी चहाची गाडी होती, तिथल्या बाकावर आम्ही बसलो. मी त्यांना बरंच काही बोलले. पाय अजून पुरता भरला नाही, रात्रीबेरात्री काही झालं तर कोण आहे, आमच्याकडे काय कमी आहे, नातीला तुमची सवय झालीय. ते सगळं ऐकून घेत होते. चहा आला, त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारून प्यायले.

मग म्हणाले, “बाई, तुझ्या घरी राहायलोय त्याचा मला कमीपणा न्हाई. जावई सोन्यासारखा हाय. पर मला सांग, पाय कशानं भाजला?”

मी म्हटलं, पाण्याने.

“चुलीवरून भगुलं उचलताना भाजला. मग चूल बंद करायची का घर बंद करायचं?”

ते पुढे हळूहळू बोलत राहिले. सकाळची गाडी गेली की त्यांच्या जुन्या सोबतीची माणसं स्टेशनसमोरच्या लिंबाखाली जमतात. कुणाची गाय व्यायली, कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाच्या पोराचा रेल्वेचा फॉर्म भरायचा, हे सगळं तिथे ठरतं. इथे परभणीत ते सकाळी गेटपर्यंत जातात आणि कुणी ओळखीचं दिसत नाही म्हणून परत येतात. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. नुसतं सांगितलं. दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा ते काय करतात, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

चहा संपेपर्यंत माझा राग गेला होता. वाईट मात्र वाटत होतं, आणि ते बरेच दिवस वाटत राहिलं.

आम्ही आत गेलो आणि मी दुकानदाराला म्हटलं, घरासाठी पंचवीसचा द्या, आणि यांच्यासाठी काय ठीक पडेल ते तुम्ही सांगा. आबा लगेच म्हणाले की आता पंचवीसचा कामून, मी तर चाललो. मी म्हटलं, “तो तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी घेतेय. मला गरम पाण्याने अंघोळ करायचीय.” नवरा हसला. आबाही हसले, पण जरा वेळाने.

आबांनी हात ठेवलेला तीन लिटरचा गिझर दुकानदाराने त्यांना दिला नाही. तो वाहतं पाणी तापवतो, त्यामुळे एकदम फार वीज ओढतो, तुमच्या गावच्या वायरीला झेपणार नाही आणि बादली भरायलाही तिष्ठत बसावं लागेल, असं त्याने समजावलं. दहा लिटरचा घ्या, तो सावकाश तापेल, एका माणसाला बादलीभर पाणी नेमकं होईल, लाइट गेली तरी टाकीत काही वेळ गरम राहील. आबांनी दोन-तीन वेळा खात्री करून घेतली आणि मग ते दहावर कबूल झाले.

आमचा पंचवीसचा बाहेरच्या जाड भिंतीवर बसवला. त्यासाठी पाइप थोडा फिरवावा लागला. पहिल्या दिवशी नवऱ्याने मला सगळ्यांच्या आधी बाथरूममध्ये पाठवलं आणि भाजीपाशी स्वतः उभा राहिला. भाजी लागली. पण मी आत बराच वेळ होते. पाठीवर कडक पाणी पडल्यावर खांदे आपोआप खाली येतात, हे मी विसरले होते.

पाय पूर्ण भरल्यावर आबांना पोचवायला आम्ही चुडाव्याला गेलो, सोबत गिझर घेऊन. बसवणं वाटलं तेवढं सोपं नव्हतं. त्यांच्या न्हाणीत नळच नव्हता. न्हाणीच्या स्लॅबवर आधी पाण्याची छोटी टाकी ठेवली, मोटारीचा पाइप तिच्यात सोडला, मग खाली गिझर. पूर्णेहून आणलेल्या इलेक्ट्रिशियनने मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली आणि अंगणात खड्डा खणून अर्थिंग घातलं. आबा त्याच्या मागे मागे फिरत होते आणि प्रत्येक खिळा हलवून बघत होते. तेवढ्या वेळात अंगणात माणसं गोळा झाली. शेजारच्या काकू दाराशी बसून होत्या. त्यांची बोटं वातानं वाकडी झालेली, सकाळी मूठ वळत नाही असं त्या मला सांगत होत्या, नर्स म्हणून. मी त्यांना गोळ्यांचं सांगितलं, आणि गरम पाण्यात हात बुडवून ठेवत जा, असंही सांगितलं. नर्सच्या तोंडी असलेलं नेहमीचं वाक्य, ते मी पुढे विसरूनही गेले.

परत येताना गाडीत मला रडू आलं. नवऱ्याने मला खिडकीशी बसवलं आणि डब्यातल्या कुणाला मी दिसणार नाही असा तो आडवा बसला.

महिनाभराने आबांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, “बाई, ते दहाचं कमी पडायलंय.”

मी म्हटलं, एका माणसाला कसं कमी पडतं?

मग हळूहळू सगळं कळलं. काकू रोज सकाळी एक बादली घेऊन येत होत्या, हात बुडवायला. त्यांच्यामागे लिंबाखालचे एक सोबती यायला लागले, कारण त्यांच्या सुनेचं बाळंतपण झालं होतं आणि बाळासाठी पाणी लागायचं. आणखी एक गृहस्थ मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून चुलीजवळ बसू शकत नव्हते. आबा पहाटे बटण दाबायचे, पहिली बादली बाळाची, पुन्हा तापलं की काकूंची, असं चालायचं. स्वतःची अंघोळ ते जेवायच्या आधी उरकायचे.

मी डोक्याला हात लावला. दुकानात आम्ही आबांना एक माणूस धरलं होतं. दुकानदाराने धरलं होतं, मीही धरलं होतं. मी म्हटलं, बदलून घेऊ का, पंधराचा बसवू? ते म्हणाले, नको, वायरीचं पुन्हा बघावं लागेल. “थांबत्यात की सगळे. थांबायला काय हुतंय?”

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी मुलीला घेऊन चुडाव्याला गेले. सकाळच्या गाडीने गेल्यामुळे आमच्या अंघोळी राहिल्या होत्या. न्हाणीसमोरच्या ओट्यावर काकू बादली घेऊन बसल्या होत्या आणि बाळाचे आजोबा उभ्या उभ्या तंबाखू मळत होते. गिझरचा लाल दिवा लागलेला होता, म्हणजे पाणी अजून तापत होतं. आबांनी आमच्यासाठी चहा ठेवला. मी पिशवीतून टॉवेल काढला आणि न्हाणीकडे वळले तर ते आतूनच म्हणाले की आधी बाळाचं पाणी जाऊ दे, मग काकू, मग तुमी.

मी ओट्यावर काकूंच्या शेजारी बसले. त्यांनी मला हात पुढे करून दाखवले. बोटं अजून वाकडीच होती, पण मूठ जराशी वळत होती. त्या सुनेबद्दल सांगायला लागल्या, मुलगी बाळाला बघायला पलीकडच्या घरात पळाली, आणि दिवा विझायला अजून बराच वेळ होता.